तोराजात गटाने जाताना भेटवस्तू एकच न्या

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या तोराजा या डोंगराळ भागात विद्यार्थ्यांचा गट अंत्यविधीला, म्हणजे 'रांबू सोलो'ला गेला की प्रत्येकाने काय न्यायचं यावर गोंधळ होतो. सोपा उपाय:

१. आदल्या दिवशी वर्गणी काढून रांतेपाओ या तिथल्या शहराच्या बाजारातून साखर आणि कॉफी घ्या. सिगारेटचा खोकाही चालतो, पण विद्यार्थ्यांनी साखरच न्यावी असं मला मनापासून वाटतं.

२. स्थानिक वाटाड्यामार्फत ती भेट यजमानांच्या हाती द्या आणि दाखवतील तिथेच बसा.

३. कपडे काळे किंवा गडद. डोंगरावरच्या बातुतुमोंगा गावातल्या भातखाचरांसाठी स्वेटर वेगळा ठेवा, वर गारवा असतो.

विधीत रेडे कापतात. ज्यांना बघवणार नाही त्यांना आधीच सांगा, म्हणजे ते मागे बसतील.