हब मोटर तपासताना विहिरीवरच्या मोटरीची सवय नडते : या चुका टाळा

आपल्या खान्देशात मोटर म्हटली की विहिरीवरचीच डोळ्यांसमोर येते. केळी-कपाशीच्या रानात वाढलेल्या पोराला थ्री फेज, स्टार्टर, फ्यूज हे शब्द कोणी शिकवावे लागत नाहीत. मोटर अडली की उचलून तालुक्याच्या गावी न्यायची, वाइंडिंगवाला (आतल्या तांब्याच्या तारेचे वेढे भरणारा) सिरीज दिवा, म्हणजे मोटरीच्या तारांतून वीज जाते का हे दाखवणारा बल्ब, लावतो आणि एका झटक्यात निकाल देतो, "जयी गयी," म्हणजे जळून गेली. हे ज्ञान मोलाचं आहे. पण जुन्या सायकलला हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी बॅटरीवरची मोटर, बसवताना तेच आडवं येतं. माझ्या ओट्यावर "जळलेली" म्हणून आलेल्या कितीतरी मोटरी धडधाकट निघाल्या, आणि काही तर तपासतानाच मेल्या.

सर्वांत महागडी चूक म्हणजे "डायरेक्ट देऊन बघू". हब मोटरीतून पिवळी, हिरवी, निळी अशा तीन जाड तारा निघतात, त्याच फेज तारा. त्यांतल्या दोन थेट बॅटरीला लावल्या तर मोटर फिरत नाही, एक झटका देऊन जागेवर अडकते. आतल्या तांब्याचा रोध अर्ध्या ओहमच्याही खाली असतो, त्यामुळे 36 व्होल्टची बॅटरी जोडली की हिशेबाने प्रवाह शंभर अँपिअरकडे धावतो. तारा वितळतात, बॅटरीचं संरक्षण सर्किट जातं. या मोटरीला कोणत्या क्षणी कोणत्या तारेत वीज सोडायची हे कंट्रोलर ठरवतो. त्याच्याशिवाय ती चालतच नाही. 230 व्होल्टचा सिरीज दिवाही इथे नको. आतले हॉल सेन्सर, म्हणजे फिरत्या चुंबकाची जागा कंट्रोलरला कळवणारे तीन छोटे भाग, पाच व्होल्टवर चालणारे नाजूक जीव आहेत.

दुसरी चूक मल्टिमीटरची. दोन फेज तारांवर पिना टेकवल्या, 0.4 ओहम दिसलं, बीप वाजलं, की लोक "शॉर्ट आहे" म्हणतात. अहो, चांगल्या मोटरीतही तेवढंच दिसतं! त्यातला 0.2-0.3 तर मीटरच्या वायरींचाच असतो. मीटरने इथे एकच गोष्ट पाहा: कोणतीही फेज तार आणि मोटरीची बॉडी यांच्यात बीप वाजता कामा नये.

शॉर्ट ओळखायला स्वतःचा हात चांगला. कंट्रोलरपासून मोटर पूर्ण सोडवा, तिन्ही तारांची टोकं एकमेकांपासून लांब ठेवा आणि चाक फिरवा. मोकळं फिरलं पाहिजे. आता पिवळी-हिरवी एकत्र टेकवून फिरवा: चाक जड होतं, हाताला गचके लागतात. मग हिरवी-निळी, मग निळी-पिवळी. तिन्ही वेळा गचके सारखेच लागले तर वाइंडिंग ठीक. एखाद्या जोडीला गचका लागलाच नाही तर तार कुठेतरी तुटलीय. सगळ्या तारा सुट्या असूनही चाक गचके देत असेल तर शॉर्ट मोटरीत आहे. सुटी असताना मोकळी आणि कंट्रोलरला जोडली की जड, असं असेल तर मोटरीला दोष देऊ नका, कंट्रोलरचे मॉस्फेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारे आतले इलेक्ट्रॉनिक स्विच, गेलेत. गिअरवाल्या हब मोटरीत मात्र चाक मागच्या दिशेने फिरवा. पुढच्या दिशेला आतला फ्रीव्हील सुटतो आणि हाताला काहीच कळत नाही.

हॉलची तपासणी कंट्रोलर चालू ठेवून, पण फेज तारा सोडवून करायची. हॉलच्या बारीक पाच तारांच्या प्लगच्या मागून मीटरची काळी पिन काळ्या तारेला, लाल पिन लाल तारेला. पाच व्होल्टच्या जवळपास मिळाले की लाल पिन एकेका सिग्नल तारेवर न्या आणि चाक अगदी सावकाश फिरवा. आकडा शून्याजवळ, मग पाचाजवळ, पुन्हा शून्याजवळ असा उड्या मारायला हवा. तिघांपैकी एक जरी जागचा हलला नाही तरी मोटर थरथरते, घरघरते, उचलत नाही. लोक नेमक्या याच लक्षणाला "वाइंडिंग गेलं" समजतात.

विहिरीवरची मोटर उलटी फिरली की आपण दोन फेज बदलतो, काम होतं. इथे हॉल तसेच ठेवून दोन फेज बदलले तर मोटर अडखळते, तापते. हॉलच्या तारा न हलवता फेजच्या सहा जोडण्या होतात, त्यांतली एकच खरी. फसवी जोडणी चाक फिरवतेही, म्हणून अँपिअर बघा. 250 वॅटची मोटर हवेत मोकळी फिरताना एक अँपिअरच्या आसपास घेते. तीन-चार खेचत असेल आणि घर्र आवाज येत असेल तर ताबडतोब थांबा. खरी जोडणी सापडली, पण चाक उलटं फिरतंय? मग हॉलच्या दोन सिग्नल तारांची अदलाबदल करा आणि सहा जोडण्या पुन्हा तपासा.

एक चूक माझी. पुढच्या चिमट्यात मोटर बसवली, "नुसतं बघायचंय" म्हणून नट हातानेच आवळले. थ्रॉटल जरासा पिळला आणि चाकाऐवजी एक्सलच फिरला. एक्सलमधून निघणारी केबल दोन आटे गुंडाळली, पिवळी-निळीचं कव्हर सोललं, कंट्रोलरमधून जळका वास आला. क्षणभराचाच खेळ होता. तेव्हापासून एक्सलच्या सपाट बाजू खाचेत नीट बसल्याशिवाय, टॉर्क आर्म (एक्सलला फिरू न देणारी लोखंडी पट्टी) आणि पान्याने आवळलेल्या नटांशिवाय मी थ्रॉटलला हात लावत नाही. बॅटरीच्या तारेत फ्यूजही असतोच.

सायकल स्टँडवर छान फिरली म्हणजे तपासणी झाली असं नाही. माणूस बसवून चढावर न्या, पॅडल मारत सुरुवात करा, दहा मिनिटांनी हबवर हात ठेवा. हात टिकत नसेल तर ओझं जास्त आहे किंवा जोडणी चुकलीय. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा ही चाचणी सकाळी सातच्या आत उरका आणि उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. त्याच फेरीत वेगही मोजा: 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटर ही मर्यादा ओलांडली की कायद्याने तुमची सायकल मोटार वाहनात मोडते.