एक्सरे-सीटीवरून शिकवायचं चित्र कसं काढायचं, नाशिकच्या मेडिकलवाल्यांसाठी आणि चित्रवाल्यांसाठी

हे दोन प्रकारच्या लोकांसाठी लिहितोय. एक म्हणजे नाशकात एमबीबीएस, बीएएमएस, फिजिओ करणारी पोरं-पोरी, ज्यांचा हात चित्रात बरा आहे पण इंटरमिजिएटची परीक्षा दिल्यापासून ब्रशला हात लावलेला नाही. दुसरे म्हणजे चित्रकला शिकलेले, ज्यांना डॉक्टर लोकांसाठी पोस्टर, स्लाइड, मॉडेल अशी कामं करायचीयेत. अर्धा भाग एकाला पोरखेळ वाटेल, अर्धा दुसऱ्याला, तेवढा सोडून पुढे जा.

कागद घ्यायच्या आधी एक ओळ लिहा, हे चित्र बघून समोरच्याला काय कळलं पाहिजे. "छाती" असं लिहून चालणार नाही, "पूर्ण श्वास घेतला की डायफ्राम कुठपर्यंत खाली जातो" असं लिहा (डायफ्राम म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला स्नायूचा पडदा). स्कॅनमध्ये सगळंच येतं, बरगड्या येतात, गळ्यातली चेन काढायची राहिली असेल तर ती पण येते, आणि चित्रात तुम्ही त्यातलं काय गाळलं यावर ते शिकवायच्या कामाचं आहे की नाही ते ठरतं. ती ओळच नसेल तर गाळायचं काय हे ठरवणार कशावरून?

सुरुवात छातीच्या एक्सरेपासून करा, सीटीच्या मागे लगेच लागू नका. घरोघरी कपाटावर एक्सरेची पाकिटं पडलेली असतातच, आपलाच किंवा घरातल्या कुणाचा विचारून घ्या. (सूर्यग्रहण बघायला मात्र ती फिल्म वापरू नका, डोळे जातील.) फिल्म खिडकीच्या काचेवर टेपने चिकटवा, वर ट्रेसिंग पेपर, हातात बारीक टोकाची पेन्सिल. रोज करायचं असेल तर बोर्ड बनवणाऱ्याकडून दुधी अ‍ॅक्रिलिकचा एलईडी बॉक्स करून घ्या, दुकानाच्या पाट्या बनवतात ना तोच, फक्त वर अक्षरं नकोत म्हणून सांगायचं.

पहिली खूण डाव्या-उजव्याची करा, बाकी सगळं नंतर. एक्सरेवर कोपऱ्यात आर किंवा एल असा मार्कर असतो तो आधी कागदावर उतरवा. पेशंट आपल्यासमोर तोंड करून उभा आहे असं धरून फिल्म बघतात, म्हणजे त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला. सीटीचे आडवे काप पायाकडून बघितल्यासारखे लावलेले असतात त्यामुळे तिथेही तेच, लिव्हर आपल्या डावीकडे दिसतं. चित्रवाल्यांना सवय असते की पोस्टरवर मजकूर एका बाजूला बसत नाहीये, तर चित्र फ्लिप करून टाकू. फ्लिप केलं की हृदय उजवीकडे गेलं, आणि हृदय खरोखर उजवीकडे असणारी माणसं असतात, त्याला डेक्स्ट्रोकार्डिया म्हणतात. म्हणजे तुम्ही नॉर्मल छातीचं पोस्टर करायला बसलात आणि दुसऱ्याच आजाराचं छापून आणलंत. मजकूर हलवा, छाती हलवू नका.

मग कॉलरबोन, मणक्यांची मधली रेघ, त्यानंतर बरगड्या. बरगड्यांमध्ये सगळे अडकतात कारण मागच्या आणि पुढच्या एकावर एक दिसतात. मागच्या जरा आडव्या जातात आणि ठळक असतात, पुढच्या तिरक्या खाली उतरतात आणि मध्येच विरून जातात, कारण पुढे कूर्चा असते आणि ती साध्या एक्सरेवर सहसा दिसत नाही. आधी फक्त मागच्या मोजत काढा. श्वास नीट भरून घेतलेला असेल तर डायफ्रामच्या वर मागच्या 9-10 बरगड्या मोजता येतात, कमी येत असतील तर श्वास अर्धवट आहे आणि हृदय उगाच मोठं दिसेल. डायफ्रामचा उजवा घुमट डाव्यापेक्षा थोडा वर ठेवा. दोन्ही एका पातळीत काढले की चित्र नीटनेटकं दिसतं खरं, पण ते त्या माणसाचं राहत नाही.

आणि एक नियम मी स्वतः कडक पाळतो. एक्सरेवर दिसलं ते सलग रेघेने, पुस्तकातून माहिती आहे म्हणून काढलं ते तुटक रेघेने. हृदयाची बाहेरची कड एक्सरेवर दिसते, आतले कप्पे दिसत नाहीत. कप्पे दाखवायचेच असतील तर दाखवा, पण तुटक रेघेने, म्हणजे पहिल्या वर्षाचा मुलगा उद्या फिल्मवर कप्पे शोधत बसणार नाही.

हे हातात बसलं की सीटी. इथे सेंटरवर सांगावं लागतं की मला डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ फाइल, आकड्यांसकट) असलेली सीडी किंवा पेनड्राइव्ह पाहिजे, नाहीतर फिल्म आणि रिपोर्ट हातात देतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोचं थ्रीडी होत नाही, त्यात फक्त चित्र असतं, मागचे आकडे नसतात, आणि खरा माल म्हणजे ते आकडे. सीटीत प्रत्येक ठिपक्याला हाउन्सफील्ड आकडा असतो, म्हणजे तिथे एक्सरे किती अडतो त्याचं माप, पाणी 0, हवा उणे 1000, चरबी साधारण उणे 100, स्नायू 40-60 च्या आसपास, हाड शेकड्यांमध्ये. हा हाउन्सफील्ड म्हणजे सीटी बनवणारा इंग्लिश इंजिनियर, 1979 चं नोबेल त्याला आणि कॉरमॅकला मिळून मिळालं. एमआरआयला असे ठरलेले आकडे नाहीत, टी1 आणि टी2 हे चित्र घ्यायचे दोन प्रकार, टी1 मध्ये पाणी काळं आणि टी2 मध्ये पांढरं, त्यामुळे एमआरआयवरून आकड्याच्या जोरावर मॉडेल काढायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका.

सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत. थ्रीडी स्लायसर फुकट आहे, इनव्हेसॅलियस पण फुकट आहे, ते ब्राझीलमध्ये बनलं आणि नाव 1543 साली शरीररचनेचा तो मोठा सचित्र ग्रंथ काढणाऱ्या व्हेसॅलियसवरून ठेवलंय. स्लायसरमध्ये फोल्डर ओढून टाका, सेगमेंट एडिटर उघडा, थ्रेशोल्डची (किती आकड्यापासून पुढचं रंगवायचं ती सीमा) खालची मर्यादा 200 च्या आसपास लावून बघा, हाडं रंगायला लागतात. आकडा वर-खाली करत बसा, ठरलेला एकच आकडा नसतो. काप किती जाडीचे आहेत ते आधीच बघून घ्या, 1 मिमीच्या जवळपास असतील तर काम होतं, 5 मिमीचे असतील तर कवटीला घाटासारख्या पायऱ्या पडतात.

कवटी काढून बघा म्हणजे यातली गंमत कळेल. डोळ्याच्या खोबणीचं खालचं आणि आतल्या बाजूचं हाड इतकं पातळ असतं की एका ठिपक्यात हाड आणि शेजारची हवा किंवा चरबी यांची सरासरी निघते, आकडा थ्रेशोल्डच्या खाली जातो आणि मॉडेलमध्ये तिथे भोक पडतं. पेशंटच्या हाडाला भोक नाहीये. मग मॉडेल खडबडीत दिसतं म्हणून तुम्ही स्मूदिंग लावता, तर डोळ्याच्या खाली गालाच्या हाडाशी नस (नर्व्ह) बाहेर पडायचं जे बारीक खरं भोक असतं ते बुजून जातं. म्हणजे खोटं उघडं आणि खरं बंद. म्हणून एसटीएल (थ्रीडी मॉडेलची फाइल) काढायच्या आधी मूळ काप शेजारी उघडे ठेवून एकेक भोक तपासायचं, हातानेच दुरुस्त करायचं, त्याला शॉर्टकट नाही. मग ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये लाइट लावा, प्रिंट काढायची तर सातपूर-अंबडला जॉबवर्कवाल्यांकडे विचारा.

रंग. स्कॅनला रंग नसतो, तो तुम्ही देता, म्हणून जबाबदारी तुमची. धमनी लाल, शीर निळी, नस पिवळी ही रूढी पाळा, फक्त पल्मोनरी धमनी निळी आणि पल्मोनरी शिरा लाल, कारण तिथे उलटं असतं, धमनीत अशुद्ध रक्त आणि शिरांमध्ये शुद्ध. चित्रवाले इथे हटकून फसतात. इंद्रधनुष्याच्या रंगपट्ट्या करड्या स्कॅनवर टाकू नका, पिवळ्यावरून हिरव्यावर जाताना डोळ्याला कड दिसते जी शरीरात नसतेच. एआयने बनवलेल्या चित्रांबद्दल एवढंच, बरगड्या मोजा, 12 जोड्या आल्या तर पुढचं बोलू.

आता कंटाळवाणा पण न टाळता येणारा भाग. डायकॉम फाइलच्या आत पेशंटचं नाव, जन्मतारीख, नंबर, हॉस्पिटल सगळं असतं, ते काढल्याशिवाय फाइल कुणाला पाठवू नका, आणि फिल्मच्या कोपऱ्यातलं नाव फोटो काढताना झाका. डोक्याच्या सीटीवरून चेहरा परत बनवता येतो, त्यामुळे तिथे नुसतं नाव काढून भागत नाही. परवानगी लेखी घ्या, "शिकवण्यासाठी" आणि "प्रदर्शनासाठी" वेगवेगळी. गर्भाची सोनोग्राफी मी कलाकामात घेतच नाही, 1994 चा लिंगनिदानबंदीचा कायदा आहे आणि चुकून काही दिसलं-सांगितलं गेलं तर ते प्रकरण चित्रापुरतं राहत नाही. सरावाला माणूस मिळत नसेल तर व्हिजिबल ह्युमन प्रोजेक्टचा डेटा आहे, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने 1994 मध्ये पुरुषाचा आणि 1995 मध्ये स्त्रीचा दिला, त्यात सीटी, एमआरआय आणि खऱ्या कापांचे रंगीत फोटो आहेत.

शिकवताना काय करायचं? म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ आपल्या गावात आहे, लेबल केलेली आकृती काढणं परीक्षेमुळे पोरांना पाठ असतं, पण ती घोकलेली आकृती असते, बघून काढलेली नसते. म्हणून बॅच घेऊन पांडवलेणीला जा. तीन नंबरच्या लेण्यात खाली तुळया खांद्यावर पेललेल्या आकृत्या आहेत, त्यांच्यासमोर बसवा आणि दहा मिनिटं फक्त दिसतंय ते बोलायला लावा, "दमलेला आहे" असं कुणी म्हणालं की विचारा, कशावरून? मान कुठे गेलीय, खांदा किती वर आहे, भार कुठल्या बाजूला आहे. त्यानंतर स्केच, त्यानंतर खांद्याचा एक्सरे. येल विद्यापीठात मेडिकलच्या मुलांना संग्रहालयात चित्रं बघायला लावून त्यांची निरीक्षणशक्ती तपासली होती, 2001 साली छापून आलं, फरक पडला होता. परत आल्यावर जुन्या पांढऱ्या टी-शर्टवर एकमेकांच्या बरगड्या बोटाने चाचपत मार्करने काढायला लावा, हसतात खूप, पण दुसरी बरगडी कॉलरबोनच्या खाली कुठे सापडते ते विसरत नाहीत.

चित्र पूर्ण झालं की रेडिओलॉजिस्टला मूळ स्कॅनसकट दाखवा, नुसतं चित्र दाखवलं तर "छान आहे" एवढंच ऐकायला मिळेल. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहा की कशावरून काढलं, एक्सरे असेल तर पीए (किरण पाठीकडून) की एपी (किरण पुढून), काय गाळलं, तुटक रेघ म्हणजे काय. आणि पैशाचं काम असेल तर करेक्शन किती वेळा करून देणार ते आधीच लिहून घ्या, नाहीतर रात्री अकराला मेसेज येतो, सर एक छोटासा बदल होता.