खासदारांच्या हातात द्यायचा कागद

अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की गावागावांतून फोन सुरू होतात. "साहेब, आमच्या कांद्याचं दिल्लीत बोलायला सांगा की." मागणी रास्त आहे, आणि बोललंही जातं. पण सभागृहात तो विषय किती तग धरतो, हे इथून आपण काय लिहून पाठवलं त्यावर ठरतं. अशी टिपणं तयार करण्यात माझी बरीच वर्षं गेली. म्हणून सोलापूर जिल्ह्यातल्या गावांनी काय काय हाताशी ठेवायचं ते लिहितोय.

पहिलं म्हणजे आपला खासदार कोण, ते मतदार यादीवरून बघा. जिल्हा एक असला तरी मतदारसंघ तीन आहेत. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर हे सोलापुरात. करमाळा, सांगोला, माळशिरस माढ्यात. बार्शी मात्र थेट धाराशिवला जोडलेली. पंढरपूर तालुक्यात तर काही गावं विधानसभेला माढा, सांगोल्यात मोडतात. पत्र चुकीच्या दारात गेलं की ते पुढे सरकेपर्यंत अधिवेशन संपलेलं असतं.

मग प्रश्न केंद्राचा की राज्याचा, ते ठरवा. उजनीच्या कालव्याचं आवर्तन लांबलं, रोहित्र जळलं, बाजार समितीत तोलाई जास्त कापली, हे सगळं राज्याकडचं. ते आमदारांकडे द्या, आणि त्यात कमीपणा मानू नका. सांगोल्याचे गणपतराव देशमुख 11 वेळा विधानसभेवर निवडून गेले आणि दुष्काळी तालुक्याच्या पाण्यासाठी तिथेच झगडले. जिथे उत्तर देणारा माणूस बसतो, तिथेच प्रश्न विचारायचा.

आता कांदा. इथे जरा थांबा, कारण सगळ्यात जास्त कागद इथेच वाया जातात. कांदा शेतात पिकतो म्हणून आपण कृषिमंत्र्यांच्या नावे लिहितो. पण निर्यातबंदीचा आदेश वाणिज्य मंत्रालयाकडून निघतो. निर्यात शुल्क अर्थ मंत्रालय लावतं. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत सरकारी साठ्यासाठी जी खरेदी होते ती ग्राहक व्यवहार खात्याकडे. 8 डिसेंबर 2023 ला निर्यात बंद झाली, 4 मे 2024 ला उघडली तीही 40 टक्के शुल्क लावून, आणि शुल्क पूर्ण गेलं ते 1 एप्रिल 2025 पासून. या तारखा टिपणात हव्यातच, आणि त्यांच्यासमोर आपल्या गावच्या माणसाला त्या आठवड्यात काय भाव मिळाला तो आकडा हवा.

तो आकडा पट्टीवर, म्हणजे माल विकल्यावर आडत्याकडून मिळणाऱ्या हिशेबाच्या पावतीवर असतो. मोहोळकडच्या एका शेतकऱ्याने मला कॅरीबॅगेतून पट्ट्यांची घडी काढून दिली होती, रेशनकार्डाच्या आत जपून ठेवलेली. पोती, वजन, भाव, हमाली, तोलाई, मोटारभाडं, शिल्लक. एकीच्या मागे त्याच्या बायकोने पेन्सिलीने काटणीची, म्हणजे कांद्याची पात कापण्याची मजुरी मांडली होती, बायांच्या नावांसकट. त्या मागच्या बाजूचीही झेरॉक्स आम्ही जोडली. तोट्याचा हिशेब दिल्लीतल्या माणसाला त्या पेन्सिलीच्या अक्षरांतून कळतो. फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याला 512 किलो कांद्याचे 2 रुपये हातात आले, ते देशभर पोचलं कारण चेक आणि पट्टी जपून ठेवलेली होती. म्हणून पट्ट्या फेकू नका. निदान दहा घरांच्या, तारखेनुसार लावून द्या.

मागणी मात्र एकच ठेवा. एकदा आमच्याकडून सात मागण्यांचं टिपण गेलं. उत्तर आलं ते त्यातल्या सगळ्यात सोप्या मागणीचं, बाकीच्या सहांचा उल्लेखही नव्हता. मंगळवेढ्याच्या ज्वारीचं असंच. हमीभाव, गोदाम, विमा सगळं एकत्र बांधू नका. मालदांडी हे ज्वारीचं वाण रब्बीत पिकतं, पण त्याचा हमीभाव खरिपाच्या यादीत येतो, आणि 2025-26 ला संकरित ज्वारी 3699 तर मालदांडी 3749, म्हणजे क्विंटलला फरक जेमतेम 50 रुपये. हा फरक कशाच्या आधारावर ठरला, एवढंच विचारा. मंत्र्यांना त्याला बगल देता येत नाही.

नमुना ठरलेला आहे. लोकसभेतला प्रश्न 150 शब्दांत बसवायचा आणि किमान 15 पूर्ण दिवस आधी जायला हवा, म्हणजे गावचा कागद त्याच्याही आठवडाभर आधी. दिवसाला तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे प्रश्न 20 लागतात, तेही बॅलटमध्ये, म्हणजे सोडतीत नाव निघालं तर, आणि प्रश्नोत्तराच्या एका तासात तोंडी उत्तरापर्यंत मोजकेच पोचतात. नाव निघालंच तर उपप्रश्न लागतो, तोही आधीच लिहून द्या. नियम 377 खाली 250 शब्दांचं निवेदन करता येतं, पण मंजूर मजकूरच वाचायचा असतो, त्यामुळे भाषणबाजीला तिथे जागा नाही. शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे विषय मांडायच्या वेळेत, दोन-तीन मिनिटं मिळतात. पहिल्या वाक्यात गावाचं नाव आणि आकडा, शेवटच्या वाक्यात मागणी. मराठीतून बोलायचं असेल तर दुभाष्यांसाठी आधी कळवावं लागतं. जरूर कळवा. "काटणी", "आवर्तन", "तेल्या" हे शब्द त्या भिंतींत घुमले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. डाळिंबाच्या तेल्या रोगावर बोलायचं असेल तर केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात एक चक्कर मारा. ते केंद्राचंच आहे, 2005 पासून इथे आहे, आणि शास्त्रज्ञांनी सांगितलेली एक ओळ दहा निवेदनांना भारी पडते.

उत्तर आलं की छापून घ्या आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचा. त्यात मंत्र्यांनी "तपासून बघू" किंवा "विचाराधीन आहे" असं म्हटलं असेल तर ती ओळ अधोरेखित करा. सभागृहात दिलेलं आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यासाठी संसदेची वेगळी समिती आहे. तारीख ग्रामपंचायतीच्या कॅलेंडरवर टाका. तीन महिने भरले की त्या उत्तराची प्रत, नव्या पट्ट्या आणि जुनं टिपण एकत्र टाचून पुन्हा खासदारांच्या कार्यालयात नेऊन द्या. शक्यतो पोस्टाने नको, दोघांनी जाऊन हातात द्या आणि पोच घ्या.