संत्र्याच्या पेटीचं कार्य कसं काढायचं

पोट्टेहो, सूत्र नंतर. आधी बल कोणत्या दिशेला अन् वस्तू कुठं सरकली ते पाहा. नागपूरच्या कळमना बाजारात हमाल २० किलोची पेटी १ मीटर उचलून टेम्पोत ठेवतो. बल म्हणजे वस्तुमान × गुरुत्वत्वरण, २० × ९.८ = १९६ न्यूटन. कार्य म्हणजे बल × बलाच्या दिशेनं सरकलेलं अंतर, १९६ × १ = १९६ ज्यूल. तेवढीच पेटीची स्थितिज ऊर्जा, म्हणजे उंचीमुळं साठलेली ऊर्जा, वाढली.

तीच पेटी डोक्यावर घेऊन तो सपाट रस्त्यानं चालला, तर गुरुत्वाविरुद्ध कार्य शून्य. मार्चच्या उन्हात हे त्याला सांगू नका, मार खाल! स्नायू ऊर्जा जाळतातच. ती पेटीला मिळत नाही, एवढंच.

टेम्पोतून, त्या १ मीटरवरून पेटी निसटली तर? साठलेली ऊर्जा गतीची होते: ½ × २० × वेग² = १९६. जमिनीला लागताना वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर. ४० किलोची घेऊन पाहा, वेग तोच येतो.