जर्मनीची ५०० वर्षं अभ्यासिकेच्या एका भिंतीवर

१५०० ते २००० हा काळ, वर्षाला १ सेंमी, म्हणजे ५ मीटरची कालपट्टी. नाशिकच्या मेन रोडवर स्टेशनरीच्या दुकानातून २२ बाय २८ इंची कार्डशीट चार आणा आणि लांबीत मधोमध कापा. आठ पट्ट्या निघतात, जोडाला सेंटिमीटरभर चढवूनही पुरून उरतात. जोड मागून सेलोटेपने द्या. डिंकाने कागद सुरकुततो. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळा.

पट्टीची रुंदी साधारण २८ सेंमी. वरून ८-८ सेंमीचे तीन रकाने आखा: राजकारण, धर्म, समाज. तळाची ४ सेंमी आपल्याकडच्या खुणांसाठी मोकळी ठेवा.

राजकारणाच्या रकान्यात १८७१च्या एकीकरणाआधी ‘जर्मनी’ लिहू नका. १८०६ पर्यंत पवित्र रोमन साम्राज्य, १८१५ ते १८६६ जर्मन महासंघ.

सगळ्यात जास्त घोळ धर्माच्या रकान्यात होतो. १५१७ला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर बरोबर बसतो, पण १५५५च्या ऑग्सबर्ग तहापुढे हमखास ‘धर्मस्वातंत्र्य’ लिहिलं जातं. ते स्वातंत्र्य संस्थानिकाचं होतं. कॅथलिक की ल्यूथरपंथी हे त्याने ठरवायचं. ज्या प्रजेला पटत नसेल तिने घरदार विकून दुसरं संस्थान गाठायचं. कॅल्व्हिनपंथीयांना (प्रोटेस्टंटांचाच दुसरा पंथ) त्यात जागाच नव्हती, ती १६४८च्या वेस्टफालिया तहाने मिळाली. १५५५च्या कार्डावर ‘संस्थानिक ठरवेल तो पंथ’ असं लिहा.

आता दोन कार्डं जोडणारा लाल दोरा. १८७८चा समाजवादीविरोधी कायदा राजकारणाच्या रकान्यात, १८८३चा कामगारांचा आजारविमा समाजाच्या. आडवं अंतर जेमतेम ५ सेंमी. दोन्ही चॅन्सेलर (सरकारप्रमुख) बिस्मार्कचेच. एका हाताने पक्ष दाबायचा, दुसऱ्याने त्याचे कामगार आपल्याकडे ओढायचे. (विम्याचा दोन तृतीयांश हप्ता मात्र कामगारांच्याच खिशातून!) दोरा नसेल तर या दोन सुट्या तारखाच राहतात.

१९१४ ते १९४९ हा काळ ३५ सेंमीत मावत नाही, कार्डं एकमेकांवर चढतात. त्यासाठी खाली वर्षाला ४ सेंमी धरून १४० सेंमीची वेगळी पट्टी लावा. तिच्यातही तळाचा रकाना ठेवा. १९३०ला तिथे मार्चमध्ये काळाराम मंदिर सत्याग्रह लिहा. बरोबर वर, सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझींच्या जागा १२ वरून १०७.