मण्यार की कवड्या, फुरसे की नाकाड्या चापडा? साप ओळखताना या चुका टाळा

पावसाळ्यात गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोणच्या घरांत रात्री पांढऱ्या पट्ट्यांचा काळा साप दिसतो आणि कोणीतरी "कवड्याच आहे" म्हणत त्याला हाताने उचलायला जातो. याहून घातक चूक मला दुसरी दिसत नाही. बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे पट्टे बारीक, बहुधा जोडीने, मानेपासून बरेच मागे सुरू होऊन शेपटीपर्यंत जातात. पण ही ठेवण सापागणिक बदलते. शंका असली तर मण्यारच समजा. तिचा दंश अनेकदा झोपेत होतो, फारसा दुखत वा सुजत नाही. पहाटे पोटात कळा, उलट्या, जड झालेल्या पापण्या यांना अपचन समजून घरी थांबणे जिवावर बेतते.

"डोके त्रिकोणी नाही, म्हणजे विषारी नाही" हेही सोडून द्या. नाग आणि मण्यार या दोघांचेही डोके त्रिकोणी नसते. अजगराचे पिल्लू समजून घोणस उचलणारेही आहेत. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, अजगराचे डाग वेडेवाकडे.

फुरसे आणि नाकाड्या चापडा यांची गल्लत मात्र फारशी कोणाच्या लक्षातच येत नाही. दोघेही आखूड, तपकिरी. फुरसे उघड्या, कोरड्या सड्यावरचे, म्हणजे खडकाळ पठारावरचे. चिडले की अंगावरचे खवले घासून करवतीसारखा आवाज करते. चापडा दाट सावलीतल्या पाचोळ्यात राहतो, त्याचे नाकाचे टोक वर उचललेले असते. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्याच विषावर बनते. चापड्याच्या दंशाने रक्त गोठणे बिघडते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि हे प्रतिविष तिथे चालत नाही. त्याचे दंश फुरशाचे समजले गेल्याच्या केरळातल्या नोंदी २००७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. म्हणून पाचोळ्यात काम करताना दंश झाला, तर जागा कशी होती तेही डॉक्टरांना सांगा.

ओळख पटवायला साप मारून इस्पितळात नेऊ नका. तुटलेले डोकेही चावते. सहज जमला तर लांबून फोटो घ्या, नाहीतर सोडून द्या. उपचार त्यावाचून अडत नाहीत: डॉक्टर रक्त काचेच्या नळीत २० मिनिटे ठेवून गोठते का पाहतात, पापण्या आणि श्वास तपासतात. चावलेला हात किंवा पाय स्थिर ठेवा, घट्ट दोरी बांधू नका आणि लगेच १०८ ला फोन करा.