अभ्यासमंडळात ‘ईमान’वर बोलायचं असेल तर

आमच्या रामबागेतल्या मंडळात इस्लामवर बोलायची पाळी आली की जो तो पाच स्तंभ घोकून येतो. कलमा, नमाज, रोजा, जकात (म्हणजे दान), हज. त्यात अर्धा तास जातो आणि ईमान, म्हणजे मनातली श्रद्धा, राहूनच जाते.

तुम्ही सुरुवात ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहातल्या, पैगंबरांचे साथीदार हजरत उमर यांनी सांगितलेल्या हदीसपासून (पैगंबरांच्या आठवणीपासून) करा. एक अनोळखी माणूस येतो. कपडे पांढरेशुभ्र, केस काळेभोर, अंगावर प्रवासाची खूण नाही, आणि गावातलं कुणी त्याला ओळखतही नाही. पैगंबरांच्या गुडघ्याला गुडघा भिडवून बसतो आणि विचारतो, इस्लाम काय, ईमान काय, इहसान (भक्तीतली उत्तमता) काय? तो निघून गेल्यावर कळतं, ते अल्लाहचा संदेश आणणारे फरिश्ते जिब्रील होते. स्तंभ येतात ते पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात. ईमानच्या उत्तरात सहा गोष्टी आहेत: अल्लाह, फरिश्ते, ग्रंथ, प्रेषित, अखेरचा दिवस आणि बरीवाईट तकदीर, म्हणजे नशीब.

पहिल्या पाच भराभर सांगा, गाडी अडते ती तकदीरवर. ‘सगळं ठरलेलंच आहे तर हातपाय कशाला हलवायचे?’ असं कुणीतरी विचारणारच. तेव्हा तिर्मिझी या हदीससंग्रहातला उंट काढा. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला पैगंबर म्हणाले: आधी बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव.

इहसान मात्र पुस्तकातून सांगू नका. २०१९ साली रमजान ऐन मे महिन्यात आला होता. आमचे टेलरमास्तर भर दुपारी दुकानात एकटेच काज करत बसलेले, कोपऱ्यात गिऱ्हाइकांसाठी भरलेला माठ, वर उपडा ग्लास. दोन घोट प्यायले असते तर कुणाला कळणार होतं? मी तसं म्हटलंही. दातात दोरा तोडत म्हणाले, ‘वो तो देख रहा है ना, भाभीजी.’ हदीसमधलं उत्तर हेच आहे: तू त्याला पाहतो आहेस अशी भक्ती कर, तू पाहत नसलास तरी तो तुला पाहतोच.

वेळ उरला तर कुराणातल्या सूरह हुजुरातची चौदावी आयत वाचा. ‘आम्ही ईमान आणलं’ म्हणणाऱ्या बद्दूंना (वाळवंटातल्या भटक्या अरबांना) तिथं सांगितलंय की तुम्ही अजून शरण आलात एवढंच म्हणा, ईमान तुमच्या काळजात उतरलेलं नाही. इतकं रोखठोक!

सहाची यादी सुन्नी परंपरेची आहे, हे आधीच सांगून टाका. सियागंजातल्या बोहरी, म्हणजे शिया पंथाच्या, व्यापाऱ्याला विचाराल तर तो सात दआइम (आधारस्तंभ) मोजेल, त्यात पहिली वलायत, म्हणजे इमामांवरची निष्ठा. आणि रमजानात शंका विचारायला मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, तोंडावर कुणाचं दार वाजवू नका. रोजा सोडायला खजूर हातात धरून बसलेल्या माणसाला व्याख्यानाची फुरसत नसते.